आता माझा नंबर

माझं निम्मं काम जमिनीवर बसून होतं. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतची मुलं ही माझी मंडळी, आणि त्यांचा सगळा व्यवहार मोठ्यांच्या गुडघ्याखाली चालतो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुंबईत शिकले आणि आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पसरलेल्या गावांमध्ये घरोघर जाऊन काम करते. कुणाचं मूल वेळेआधी जन्मलेलं असतं, कुणाला डाऊन सिंड्रोम असतो, कुणाच्या पायांचे स्नायू जन्मापासून ताठर असतात, कुणी दोन वर्षांचं होऊनही हाकेला ओ देत नाही. पुढे ज्या मुलांविषयी लिहिते आहे त्यांचे तपशील मी बदलले आहेत, कारण त्यांच्या घरच्यांनी मला विश्वासानं घरात घेतलं आहे.

माणसाला त्याची रोजची कामं करता यावीत, एवढंच आमच्या शास्त्राचं म्हणणं. मोठ्या माणसाची कामं म्हणजे नोकरी, स्वयंपाक, शर्टाची बटणं. दोन वर्षांच्या मुलाचं काम एकच, खेळणं. हे शास्त्र आपल्याकडे आणलं कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. फलटणच्या बॉन निंबकरांच्या त्या आई, लेखिका जाई निंबकर यांच्या सासूबाई. एका अमेरिकन बाईनं मुंबईत जे रुजवलं, ते तिथे शिकून मी अमेरिकेत आले, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

इथल्या केंद्रीय कायद्यानं शाळकरी वयाच्या अपंग मुलांचा शिक्षणाचा हक्क १९७५ साली मान्य केला. तीन वर्षांखालच्या मुलांचा विचार त्यात १९८६च्या दुरुस्तीनं आला. माझी नोकरी त्या दुरुस्तीतून जन्माला आली आहे. त्या कायद्यातली एक अट मला फार मोलाची वाटते: या वयाच्या मुलाला मदत द्यायची ती शक्यतो त्याच्या नैसर्गिक वातावरणात, म्हणजे त्याच्या वयाची अपंगत्व नसलेली मुलं एरवी जिथे असतात तिथे. घरात, पाळणाघरात, वाचनालयाच्या गोष्टीच्या तासाला आणि अर्थातच बागेत. म्हणून आठवड्यातल्या काही सकाळी मी माझी पिशवी गाडीतच ठेवते आणि घरच्यांना सांगते, आज पालो आल्टोच्या मिचेल पार्कमध्ये भेटू.

तिथे ‘मॅजिकल ब्रिज’ नावाचं क्रीडांगण आहे. ते कसं उभं राहिलं ही हकिकत इथल्या आईबापांना ठाऊक असते. ओलेंका वियारेआल यांची मुलगी विकासात मागे होती. तिला झोका द्या, त्यानं तिचा तोल आणि शरीराची जाण सुधारेल, असं थेरपिस्टनं सुचवलं. वियारेआल बागा हिंडल्या आणि एवढ्या सधन गावात आपल्या मुलीला बसता येईल असा एकही सार्वजनिक झोका नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये मुलांसाठी राखीव जागा १८८८ साली झाली होती. म्हणजे या भागात सार्वजनिक क्रीडांगणांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी, आणि तरीही ही अवस्था. नगरपालिकेनं जागा दिली, बहुतेक पैसा लोकांकडून उभा राहिला, त्यात बरीच वर्षं गेली, आणि एप्रिल २०१५मध्ये क्रीडांगण सर्वांसाठी खुलं झालं. पुढे शेजारच्या रेडवूड सिटीतही तसं एक झालं.

मी नव्या कुटुंबाला पहिल्यांदा तिथे नेते तेव्हा आत गेल्यावर काही मिनिटं कुठल्याच खेळाकडे जात नाही. फाटकाच्या आत उभं राहायचं आणि आईला श्वास घेऊ द्यायचा. सगळ्या जागेला कुंपण आहे. ज्या घरात पळून जाणारं मूल असतं त्या घराला कुंपणाची किंमत विचारा. ऑटिझम असलेली काही मुलं अचानक, कुठलीही चाहूल न देता धूम ठोकतात. रस्ता, पाणी, गाडी यांचं भान त्यांना नसतं. अशा मुलाच्या आईचा हात बागेत सतत मुलाच्या मनगटावर असतो. एकीनं तिथे मुलाचं मनगट सोडलं आणि ती स्वतःचाच हात दुसऱ्या हातानं चोळत राहिली. मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं, तिनं एकदा कुंपण नजरेनं फिरून पाहिलं होतं.

पायाखालची जमीन ही दुसरी गोष्ट. इथल्या पुष्कळ बागांत खेळांखाली लाकडाचा भुसा किंवा ढलप्या पसरलेल्या असतात. पडल्यावर लागू नये म्हणून त्या चांगल्या, पण नव्यानं चालायला लागलेल्या मुलाचा पाय त्यात रुततो, वॉकरची चाकं अडकतात, आणि जे मूल दिसेल ते तोंडात घालतं त्याच्या आईला खेळ सोडून बोटं घालून तोंड साफ करत बसावं लागतं. मॅजिकल ब्रिजला जागेवर ओतून केलेला रबराचा सलग थर आहे. त्यावर चाक फिरतं, काठी टेकते आणि पडलेलं मूल रडायच्या आधी उठतं. या रबराचा एक दोष मात्र सांगायला हवा. जुलै-ऑगस्टच्या दुपारी ते तापतं, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या तळव्याची कातडी फार पातळ असते. मी हाताची पालथी बाजू टेकवून बघते आणि चटका बसला तर बूट काढू देत नाही. उन्हाळ्यात आम्ही सकाळी लवकर जातो ते याचसाठी.

अगदी लहानांचा कोपरा वेगळा आहे, आणि तो वेगळा असणं किती गरजेचं आहे हे बागा आखणाऱ्या पुष्कळांच्या लक्षात येत नाही. क्रीडांगणांच्या सुरक्षेविषयी इथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाची एक पुस्तिका आहे. तिच्यात सहा ते तेवीस महिने, दोन ते पाच वर्षं आणि पाच ते बारा वर्षं असे तीन गट धरलेले आहेत. सगळ्यात लहान गटासाठी चढून जायचा ओटा ३२ इंचांपेक्षा उंच नसावा असं ती सांगते. दोन कठड्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा लहान तरी असावी किंवा नऊ इंचांपेक्षा मोठी तरी. मधल्या मापाच्या फटीतून लहान मुलाचं धड पायांकडून खाली सरकतं आणि डोकं वर अडकतं. एवढं साधं माप, पण हे ठाऊक झाल्यापासून मला कुठल्याही बागेत, कुठल्याही गच्चीच्या कठड्यापाशी, आधी फटी दिसतात. पुण्याला माहेरी गेले तरी हेच.

आता एक गोष्ट मला कामातून हळूहळू उमगत गेली. अपंग मुलासाठी जे करायला सांगतात, आणि वर्ष-दीड वर्षाच्या कुठल्याही मुलाला जे लागतं, त्यात फारसा फरक नाही. पायरीऐवजी उतार, हाताला धरायला खालच्या उंचीवर दांडी, रुतणार नाही अशी जमीन, पाठीला आधार असलेला झोका, मोठ्या मुलांच्या धावण्याच्या वाटेपासून दूर असलेली जागा, सावली, आणि बरोबर आलेल्या माणसाला मुलाच्या शेजारी टेकता येईल असा ओटा. जेमतेम चालणारी दीड वर्षाची मुलगी आणि वॉकर घेऊन चालणारी अडीच वर्षांची मुलगी त्या उतारावर एकाच वेगानं चढतात. कोण कोणाच्या मागे पडलंय हे ठरवायला तिथे काही मापच उरत नाही. म्हणून मी घरच्यांना सांगते, मूल जितकं लहान असताना इथे याल तितकं बरं. पाच वर्षांच्या मुलांमधलं अंतर नजरेत भरतं, दीड वर्षाच्या मुलांमधलं अजून सांधता येतं.

घसरगुंडीपाशी मात्र मला बोलावंच लागतं, विशेषतः आज्यांशी. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी होत्या. नातवाला डाऊन सिंड्रोम, वय वीस महिने, अंग लोण्यासारखं मऊ, सांधे सैल. आजींनी साडीचा पदर खोचला आणि त्या नातवाला घेऊन वर निघाल्या.

“आजी, मांडीवर घेऊन नका घसरू.”

“अगं, एकटा कसा येईल तो? त्याच्या बापाला मी पेशवे पार्कात अशीच घेऊन यायचे.”

“त्याचा बूट कडेला अडकला की तो थांबतो, पण तुम्ही थांबत नाही. तुमचं सगळं वजन त्याच्या नडगीवर येतं.”

आजींनी माझ्याकडे आणि मग त्याच्या बुटाकडे पाहिलं. हे मी भीती घालायला सांगत नाही. मोठ्यांच्या मांडीवर बसून घसरताना पाय अडकून नडगीचं हाड मोडणं हा इथल्या बालरुग्णालयांना नेहमीचा प्रकार आहे, आणि एकट्यानं घसरणाऱ्या मुलापेक्षा मांडीवरच्या मुलाला तो धोका अधिक, कारण एकट्याचं वजन हाड मोडण्याइतकं नसतं. जी घसरगुंडी मुलाला एकट्याला झेपत नाही ती त्याच्यासाठी नाहीच. तिच्याऐवजी ठेंगणी शोधावी. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे वरचे मणके काही वेळा सैल असतात, त्यामुळे डोकं पुढे करून घसरणं आणि कोलांटउड्या त्यांना नकोतच. आम्ही लहानांच्या कोपऱ्यातल्या ठेंगण्या घसरगुंडीकडे गेलो. मी वर, त्याच्या कमरेला दोन बोटांचा आधार देऊन. आजी खाली, दोन्ही हात पसरून. तो बराच वेळ वरच बसून राहिला. आजी मराठीत, इथल्या सगळ्या गर्दीत, मोठ्यानं म्हणत होत्या, “ये रे ये, ये माझ्या राजा, मी आहे ना!” तो आला. पोटावर वळून, पाय पुढे करून, उलटा आला. माझ्या वहीत त्या सकाळसाठी लिहिलेलं ‘बसून तोल सावरणे’ यापेक्षा पोटावर वळणं कितीतरी अवघड होतं. खोलीतल्या गादीवर ते मी त्याच्याकडून कधी करून घेऊ शकले नव्हते.

इथेच दुसरी एक घसरगुंडी आहे, टेकाडावरची, मोठ्या मुलांची. तिच्या पायथ्याशी रुंद ओटा ठेवलेला आहे. पायांत बळ नसलेलं मूल घसरून खाली आलं की त्याची व्हीलचेअर वरच राहिलेली असते. ती खाली आणेपर्यंत ते मूल कुठे असणार? एरवी घसरगुंडीच्या तोंडाशीच पडून राहणार, मागच्या मुलांची रांग खोळंबणार, आणि सगळे त्याच्याकडे बघणार. त्या ओट्यावर सरकून बसलं की रांग चालू राहते आणि ते मूल दमून बसलेल्या इतर कोणाहीसारखं तिथे बसलेलं दिसतं. ओट्याला फारसा खर्च येत नाही. पण तो सुचायला, घसरून खाली आल्यानंतरच्या दोन मिनिटांचा विचार कुणीतरी केलेला असावा लागतो.

कायदा त्या दोन मिनिटांपर्यंत पोहोचत नाही. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९०चा. खेळाच्या जागांची सविस्तर मापं २०१०च्या प्रमाणकांत आली आणि मार्च २०१२पासून बंधनकारक झाली. उंचावरचे खेळ वीस किंवा अधिक असतील तर रॅम्प हवा. त्याहून कमी असतील तर जमिनीपासून ११ ते १८ इंच उंचीचा एक ओटा चालतो. मुलानं व्हीलचेअरमधून त्या ओट्यावर सरकायचं आणि पुढे हातांवर, ढुंगणावर, पायरी पायरीनं वर जायचं. ही प्रमाणकं आल्यानं पुष्कळ सुधारलं, त्यांच्यासाठी लढलेल्यांविषयी मला आदर आहे. पण इथल्याच एका गावात, नाव घेत नाही, मी असा रॅम्प पाहिला आहे की जो वळणं घेत घेत वर जातो आणि वर पोहोचलेल्या मुलापुढे फिरवायला फक्त एक प्लॅस्टिकचं स्टिअरिंग ठेवतो. बाकीची मुलं तिथून घसरून, लोंबकळून, खांबावरून सरकत निघून जातात. व्हीलचेअरमधलं मूल स्टिअरिंग फिरवतं आणि ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत येतं. माझ्याबरोबरच्या मुलानं ते दोनदा फिरवलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला. कागदावर ती बाग नियमात बसते.

झोक्यांविषयी आमच्या व्यवसायात बोलायला लागलो तर दिवस पुरणार नाही. जीन आयर्स नावाच्या बाई याच कॅलिफोर्नियातल्या, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तोल, स्पर्श, स्नायूंची जाणीव यांतून येणारी माहिती मेंदू कसा जुळवतो, आणि ते जुळत नसेल तर मूल कसं वागतं, यावर त्यांनी १९७२ साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या सिद्धांताच्या पुराव्यांवरून आजही वाद होतात. पण मुलाकडे बघायची जी नजर त्यांनी दिली ती माझ्या रोजच्या उपयोगाची आहे. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं गोल फिरलं की त्यांतला द्रव हलतो. पुढे-मागे संथ झोका बहुतेक मुलांना शांत करतो, गरगर फिरणं जागं करतं, आणि काहींना ते जरा जास्त झालं की दोन तास सावरायला लागतात. आयर्सबाईंनी अशाही मुलांविषयी लिहिलं की ज्यांना पाय जमिनीवरून सुटल्याबरोबर घाबरं व्हायला होतं. अशा मुलाला ‘भित्रा’ म्हणू नये, बळेच झोक्यात टाकू नये. मॅजिकल ब्रिजला झोक्यांचे प्रकार अनेक आहेत: पाठ-मान धरणारे, पट्टा असलेले, लहानांचे बादलीसारखे. गोल फिरायचं चक्र जमिनीच्या पातळीला आहे, व्हीलचेअरसकट त्यावर जाता येतं. अदृश्य किरणांच्या तारांची एक वीणा आहे, तिच्यातून हात, डोकं, काहीही नेलं की सूर उमटतो. मूठ न उघडणाऱ्या मुलाला वाजवता येणारं वाद्य माझ्या पाहण्यात फार कमी आहे.

पण त्या जागेतलं मला सर्वांत जास्त आवडणारं ठिकाण खेळाचं नाही. गजबज सोसेनाशी झालेल्या मुलाला आत शिरून बसता येतील अशा काही आडोशाच्या जागा केलेल्या आहेत. सव्वादोन वर्षांचा, अजून न बोलणारा एक मुलगा कितीतरी खेपा त्यांतल्या एकीत जाऊन बसला. बाहेर डोकावायचा, परत आत. त्याची आई कामाचे तास सोडून, गर्दीतून गाडी चालवून त्याला आणायची. एकदा ती म्हणाली, “ताई, हा इथे येऊन नुसता बसतो. मग घरात काय वाईट होतं?” तिचं दुखणं खरं होतं. मी तिला त्याच्या नजरेच्या रेषेत, जमिनीवर, माझ्या शेजारी बसवलं. तो चक्राकडे बघत होता. चक्र फिरायला लागलं की त्याची बोटं हलायला लागायची, थांबलं की थांबायची. किती फेऱ्यांनी ते मंद होतं, कोण उतरतं, कोण धक्का देतं, सगळं तो आत साठवत होता. कडेला उभं राहून बघणं हाही खेळात शिरण्याचाच एक टप्पा आहे. बालविकासाच्या पुस्तकांत त्याला जागा आहे, बागेत क्वचितच असते. बहुतेक बागांत कडेला उभ्या राहिलेल्या मुलाला कुणीतरी हाताला धरून ओढतं, किंवा तो आपला कुंपणापाशी दगड वेचत राहतो. या मुलाला बघायला जागा होती. एका सकाळी तो उठला, चक्र थांबायची वाट पाहिली, आणि नेमकं थांबल्यावर जाऊन बसला. त्याला काहीही शिकवायची गरज पडली नाही.

भारतात गेले की साहजिकच मी बागा बघत फिरते. आपल्याकडे अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली नव्यानं झाला, अपंगत्वाचे २१ प्रकार त्यात आले, सार्वजनिक जागा सुगम असाव्यात असं तो सांगतो. बंगळुरूच्या कोल्स पार्कमध्ये ‘किलिकिली’ या पालकांच्या संस्थेनं महापालिकेला बरोबर घेऊन सर्व मुलांसाठी खेळाची जागा केली, तीही वाट दाखवणारी आहे. आपल्या गावांतल्या बागांत मात्र अडचण खेळापर्यंत जायच्या आधीच सुरू होते. दुचाक्या आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून फाटकावर वळणाचे लोखंडी खांब किंवा फिरता दांडा लावलेला असतो. गुरं येत नाहीत, आणि बाबागाडी, व्हीलचेअर, काठी घेतलेले आजोबा हेही येत नाहीत. आत घसरगुंडीच्या पायथ्याशी सिमेंटचे ठोकळे बसवलेले. कोट्यवधी रुपयांचं क्रीडांगण उद्या कुठून येणार, असं नगरसेवक विचारतील तर तो प्रश्न रास्त आहे. पण फाटकाचा एक खांब काढून तिथे बाजूला उघडणारं दार लावणं, चार झोक्यांतला एक पाठ असलेला करणं, घसरगुंडीखालचे ठोकळे उचलून वाळू टाकणं आणि झोक्यापर्यंत जाणारी वाट तेवढी सपाट राखणं, एवढं प्रभागाच्या निधीत बसतं. मी दर खेपेला हे कुणाला तरी लिहून देते आणि देत राहणार आहे.

आता एका मुलीविषयी सांगते, कारण सगळ्यांना सामावून घेणं म्हणजे काय, हे मला तिच्या आईकडून कळलं. मुलगी अडीच वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पायांना स्प्लिंट, मागून ओढायचा चार चाकांचा वॉकर. बोलायला चुणचुणीत, हट्टी, घरात सगळ्यांवर राज्य करणारी. आई नागपूरकडची. कुठल्याही बागेत गेलं की त्यांच्या बाबतीत एकच घडायचं. ही येताना दिसली की रांगेतल्या मुलांचे आईबाप आपापल्या मुलांना बाजूला घ्यायचे, हसायचे, हिला पुढे करायचे. त्यांच्या मनात चांगलंच असायचं. पण हिला रांगेत उभं राहायला मिळायचंच नाही. कुणी हिला ढकललं नाही, कुणी हिच्या हातातलं ओढून घेतलं नाही, हिला कुणी ‘आता माझा नंबर’ म्हटलं नाही. खेळायला सगळं मिळायचं आणि मुलं मात्र एकही मिळायचं नाही.

मॅजिकल ब्रिजला हे कमी घडतं. तिथे वॉकर, व्हीलचेअर, कानातली यंत्रं इतकी असतात की कुणालाच बाजूला व्हायचं सुचत नाही. एका मुलाला बाजूला घेतलं तर त्याच्या मागचाही वॉकरवालाच असतो. मुलं आपली मुलांसारखी वागतात, म्हणजे वेळप्रसंगी दांडगाई करतात.

दर सहा महिन्यांनी आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाच्या आराखड्याचा आढावा होतो. समन्वयक असते, थेरपिस्ट असतात, आईबाप असतात, आणि पुढच्या सहा महिन्यांत काय साधायचं ते आईबापांच्या शब्दांत लिहायचं असा नियम आहे. बहुतेक जण म्हणतात चालावं, बोलावं, स्वतःच्या हातानं जेवावं. समन्वयक बाईंनी विचारलं तेव्हा ही आई थोडी घुटमळली, मग म्हणाली, “हिचं कुणाशी तरी भांडण झालेलं मला बघायचंय. झोक्यावरून, बादलीवरून, कशावरूनही. आणि मधे पडायला मी नकोय.”

समन्वयक बाई लिहिताना थांबल्या. हे मोजायचं कसं, असं त्यांनी मला विचारलं, आणि तो त्यांच्या कामाचा भाग होता. आम्ही बसून शब्द जुळवले. समवयस्क मूल खेळणं मागत असताना मुलगी स्वतःच्या शब्दांनी किंवा कृतीनं आपला हक्क सांगेल, मोठ्यांच्या मदतीशिवाय, सार्वजनिक जागेत. आईला वाचून दाखवलं. तिनं ‘कृती’ या शब्दात ढकलणं बसतं का ते विचारून घेतलं आणि सही केली.

त्यानंतर माझ्या कामाची दिशा बदलली. पायांचा व्यायाम चालूच होता, पण मी आता तिला वॉकर सोडून एका हातानं दांडी धरून उभं राहायला शिकवत होते, कारण दोन्ही हात वॉकरला गुंतलेल्या मुलीला वस्तू धरून ठेवता येत नाही. लहानांच्या कोपऱ्यात तिच्या कंबरेइतक्या उंचीचा एक कठडा आहे, तिथे आम्ही तासन्‌तास घालवले. ‘नाही’, ‘माझं’, ‘थांब’ हे शब्द मराठीतून होतेच, ते इंग्रजीतही घेतले. आणि सगळ्यात अवघड होतं ते मला आणि आईला: पाच पावलं लांब बसायचं आणि हात मांडीखाली ठेवायचे.

पुढच्या आढाव्याला आई एक तारीख लिहून घेऊन आली होती. लाल बादली, साधारण तीन वर्षांची दुसरी एक मुलगी, दोघींनी एकेक बाजू धरलेली, आणि आमची मुलगी कठड्याला टेकून, एका हातानं, बादली न सोडता ओरडत होती, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. दुसरीची आई उठायला लागली तेव्हा हिच्या आईनं तिला हातानं खूण करून बसायला सांगितलं. बादली शेवटी दुसरीनंच नेली. समन्वयक बाईंनी विचारलं, मग हे साध्य धरायचं का? मी आणि आई एकदमच हो म्हणालो, आणि त्यांनी त्या रकान्यात तारीख घातली.